जहाजाची वाट पाहणारं स्टेशन



मागच्या महिन्यात मी पाचवीच्या मुलांना ‘माझे गाव’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. वह्या घरी आणल्या आणि रात्री जेवणं आटोपल्यावर तपासायला बसले. सगळं नेहमीचंच होतं. आमच्या गावात मारुतीचे मंदिर आहे. आमच्या गावात पाण्याची टाकी आहे. आमच्या गावात केळी आणि कापूस होतो. आणि एका वहीत मध्येच एक ओळ सापडली, ‘आमच्या गावात स्टेशन आहे, पण गाडी नाही.’

लाल पेन हातात तसंच राहिलं.

तुमच्यापैकी जे पाचोरा-जामनेर भागातले आहेत त्यांना ही ओळ लगेच कळली असेल. बाकीच्यांसाठी सांगते. पाचोऱ्याहून जामनेरला एक छोटी गाडी जायची. सगळे तिला ‘पीजे’ म्हणायचे. मोठ्या गाडीच्या रुळांमधलं अंतर साडेपाच फूट असतं, हिच्या रुळांमधलं फक्त अडीच फूट! वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी गावं घेत ५६ किलोमीटरला ती दोन तासांच्या आसपास लावायची. शंभर वर्षं ती अशी धावली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, गाडी थांबली, आणि त्या छोट्या रुळांवर पुन्हा काही धावली नाही. आता तिथे मोठी लाइन करायचं ठरलंय.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला जवळ बोलावलं. ‘ओळ छान लिहिलीस हं,’ म्हटलं. ती काही बोलली नाही. मग हळूच विचारलं, ‘बाई, गाडी नसली तर त्याला स्टेशन म्हणायचं का?’

प्रश्न सोपा वाटतो ना? पण मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, ‘थांब, तुला एका स्टेशनची गोष्ट सांगते. मग तूच ठरव.’ तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

ते स्टेशन होतं मुंबईत, अगदी समुद्राच्या काठावर. नाव होतं ‘बॅलार्ड पिअर मोल’. नाव ऐकून वर्गातली मुलं हसायला लागली. इंग्रजीत ‘मोल’ म्हणजे अंगावरचा तीळ, जमीन उकरणारा एक छोटा प्राणीसुद्धा ‘मोल’च! पण इथे त्याचा अर्थ वेगळा आहे, बरं का. समुद्रात दगड टाकून बांधलेला भक्कम धक्का, म्हणजे ‘मोल’. आणि बॅलार्ड कोण? तर कर्नल बॅलार्ड नावाचे एक साहेब. १८७३ साली मुंबई बंदराचा कारभार पाहण्यासाठी पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्या उभारणीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे.

आता गंमत ऐका. जिथे हा सगळा परिसर आहे तिथे पूर्वी पाणीच होतं! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत एक मोठी गोदी खणायला घेतली. गोदी म्हणजे जहाजं आत घेऊन उभी करायची जागा. तिचं तेव्हाचं नाव अलेक्झांड्रा डॉक, आजचं नाव इंदिरा डॉक. १९१४ साली ती सुरू झाली. खणलेली माती, दगड टाकायचे कुठे? शेजारच्या समुद्रात! त्यातून २२ एकर नवी जमीन तयार झाली. २२ एकर म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बागायतदाराच्या शेताएवढी. तिथे जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पकाराने सारख्या उंचीच्या, घडीव दगडांच्या देखण्या इमारती आखल्या. याच विटेटने गेटवे ऑफ इंडियाही आखला. या नव्या भागाला नाव मिळालं बॅलार्ड इस्टेट. तिथल्याच धक्क्यावर रूळ टाकले गेले. १ जानेवारी १९१५ ला पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. ती बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत जायची आणि पुढे मोठ्या लाइनला मिळायची.

पण धक्क्यावर स्टेशन हवं कशाला? बोरीबंदर तर जवळच होतं!

त्यासाठी तेव्हाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. विमानं नव्हती. विलायतेहून यायचं तर बोटीनेच. १८६९ साली सुएझचा कालवा झाला म्हणून बरं, नाहीतर आख्ख्या आफ्रिकेला वळसा पडायचा. जूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. ती पुस्तकरूपात आली १८७३ साली. तिचा नायक बोटीतून मुंबईला उतरतो दुपारी साडेचारला, आणि त्याची गाडी असते रात्री आठला. मधले साडेतीन तास वाया! (आणि पुढे ती गाडी कुठून जाते माहीत आहे? आपल्या खानदेशातून! पुस्तकात खानदेशाचं नाव आहे. नक्की शोधा.)

कादंबरीत साडेतीन तास गेले तर चालतं. पण सरकारी टपालाला तेवढाही उशीर चालत नव्हता. लंडनहून निघालेलं पत्र साधारण दोन आठवड्यांत मुंबईला पोचायचं. वेळ वाचवायचा म्हणून पहिल्या महायुद्धापर्यंत एडन ते मुंबई या टप्प्यात टपाल खात्याची माणसं चालत्या जहाजावरच पत्रं निवडायची. हे पंजाबचं, हे कलकत्त्याचं, हे मद्रासचं. बाहेर लाटा उसळताहेत, पायाखालचा तक्ता डुलतोय आणि ही माणसं पत्रं निवडताहेत!

त्याआधी मोठी बोट बंदरात दूर नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, पेट्या, थैल्या लहान होड्यांतून किनाऱ्याला आणाव्या लागायच्या. धक्का झाला आणि बोट थेट त्याला टेकू लागली. बोटीची शिडी उतरायची, काही पावलं चालायचं आणि समोर फलाट! फलाटाला गाडी तयार. प्रवाशांनी बोटीचं आणि आगगाडीचं तिकीट विलायतेतच एकदम काढलेलं असायचं. टपालाच्या थैल्या हमालांच्या पाठीवरून डब्यात चढायच्या, की गाडी सुटलीच. बोटीसाठी थांबणारं स्टेशन होतं ते!

इथून सुटणाऱ्या गाड्यांत एक होती ‘पंजाब लिमिटेड’. तिचा जन्म १ जून १९१२ चा मानतात. टपालाच्या ठरलेल्या दिवशी ती बॅलार्ड पिअरवरून निघायची आणि थेट पेशावरला जायची. २,४९६ किलोमीटर, सुमारे ४७ तास! चला, पाटी-पेन्सिल घ्या. ताशी वेग किती झाला? भागाकार करा. साधारण ५३ किलोमीटर. वाफेच्या इंजिनाच्या जमान्यात हा वेग काही कमी नव्हता. या गाडीला डबे फक्त सहा. तीन टपालाचे, तीन माणसांचे. तीन डब्यांत मिळून प्रवासी किती? फक्त ९६! म्हणजे एका डब्यात ३२. आज स्लीपरच्या एका डब्यात ७२ किंवा त्याहून जास्त बर्थ असतात, आणि सुट्टीत बसलेली माणसं किती असतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही गाडी कोणत्या वाटेने जायची? थळ घाट चढून इगतपुरी, नाशिक, मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, मग इटारसी, आग्रा, दिल्ली, लाहोर आणि पेशावर. वाचलंत ना? पाचोरा, जळगाव, भुसावळ! म्हणजे रानात निंदणी करणाऱ्या कुणा आजीने मान वर करून पाहिलं असेल, तर दोन आठवड्यांपूर्वी लंडनहून निघालेली पत्रं तिच्या समोरून धडधडत गेली असतील. पुढे धक्क्यावरून ‘इंपीरियल इंडियन मेल’ नावाची गाडीही निघायची. बोटीचे प्रवासी घेऊन ती कलकत्त्याला जायची, आणि तिचाही रस्ता भुसावळवरूनच.

तिसरी प्रसिद्ध गाडी ‘फ्रंटियर मेल’. ती १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झाली. ती मात्र आपल्या वाटेने यायची नाही, सुरत-बडोद्याकडून जायची. एरवी ती कुलाब्याहून सुटायची, पण सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत साहेब लोक बोटींनी मोठ्या संख्येने यायचे, तेव्हा ती खास धक्क्यावरून सोडायचे. १९३४ साली या गाडीला गार हवेचा डबा जोडला. तो गार कसा करायचे? बर्फाने! डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवायच्या, त्यावरून हवा खेळवायची, आणि वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर वितळलेल्या बर्फाच्या जागी नवा बर्फ भरायचा. आपल्या रसवंतीवाल्या काकांनासुद्धा एवढा बर्फ लागत नसेल.

इथपर्यंत गोष्ट आली आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘बाई, हे तर सगळं साहेबांचं. त्यांचं स्टेशन बंद पडलं ते बरंच झालं!’

सगळा वर्ग हसला. पण मित्रांनो, तो चुकीचं बोलला नव्हता. पंजाब लिमिटेडला सुरुवातीला तिसऱ्या वर्गाचा डबाच नव्हता. तो लागला १९३० नंतरच्या दशकात. ही रेल्वे खानदेशात आली तीही आपल्यावर माया म्हणून नाही. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मग त्यांचे डोळे इकडच्या कापसाकडे लागले. आपला कापूस बंदरावर लवकर पोचावा ही त्यांची गरज होती. कापूस आपला, घाम आपला, आणि फलाटावर खुर्ची त्यांची!

मग मी त्याला म्हटलं, ‘खरं आहे तुझं. पण त्या फलाटावर फक्त साहेबच होते का रे?’

थैल्या कोणी उचलल्या? इंजिनात कोळसा कोणी टाकला? समुद्रात भर घालण्यासाठी दगड कोणी वाहिले? पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गोदीतून लाखो हिंदी सैनिक परदेशी रवाना झाले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कितीतरी जण परत आलेच नाहीत. पुढे २९ ऑगस्ट १९३१ ला महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले. २८ डिसेंबरला रिकाम्या हाताने परतले आणि आठवड्याभरात, ४ जानेवारी १९३२ ला, त्यांना अटक झाली. देशभर सत्याग्रह पेटला आणि तुरुंग भरले. त्याच वर्षी आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. गुरुजींनी ते लिहून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे. ही लिहून घेण्याची गोष्ट लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

मग त्या स्टेशनचं काय झालं? दुसरं महायुद्ध आलं. प्रवासी बोटी सैन्याच्या कामी लागल्या. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी जवळच्याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या बोटीचा भयंकर स्फोट झाला. त्या बोटीत चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा होता आणि त्याच्यासोबत कापसाच्या हजारो गासड्या होत्या! कापूस आणि दारूगोळा एकत्र. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये काडीपेटीसुद्धा नेऊ देत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात.

युद्ध संपलं, पण बोटीला जोडलेल्या त्या गाड्यांचा जमाना काही परतला नाही. १९४७ साली स्वातंत्र्य आलं, साहेब आपल्या देशी गेले, पेशावर आणि लाहोर पाकिस्तानात गेले. ज्या गावाला गाडी जायची ते गावच सीमेपलीकडे! मग विमानं वाढली आणि टपालही आकाशातून जाऊ लागलं. बोट नाही, साहेब नाही, पेशावर नाही. स्टेशन कुणाची वाट पाहणार?

गाड्या मात्र जगल्या. पंजाब मेल आजही मुंबईहून सुटते, आपल्या जळगाव-भुसावळवरून जाते आणि सीमेच्या अलीकडे फिरोजपूरला थांबते. फ्रंटियर मेलचं नाव १९९६ साली ‘गोल्डन टेंपल मेल’ झालं. ती अमृतसरला जाते.

मे महिन्यात एका लग्नासाठी मी मुंबईला गेले होते. म्हटलं, स्टेशन पाहूनच येऊ. सीएसएमटीला उतरून बॅलार्ड इस्टेटपर्यंत चालत गेले. रविवार होता, रस्ते शांत, दोन्ही बाजूंना झाडं आणि त्या दगडी इमारती. एका चहावाल्या काकांना विचारलं, ‘इथे जुनं स्टेशन कुठे होतं हो?’ त्यांनी मी आले त्याच दिशेला बोट दाखवलं. ‘स्टेशन तिकडे, ताई. सरळ जा.’ आणखी दोघांना विचारलं. दोघांनीही तिकडेच पाठवलं! १९२० साली बांधलेलं बॅलार्ड बंदराचं प्रवेशद्वार तेवढं उभं आहे. नौदलाने ते दुरुस्त केलं आणि २००५ मध्ये तिथे सागरी संग्रहालय केलं. पण स्टेशन? फलाटाचा एक दगडसुद्धा दिसला नाही. साहेबांची नावं पुस्तकांत आहेत, बोटींची नावं आहेत, इंजिनांची चित्रं आहेत. थैल्या उचलणाऱ्या एकाही हमालाचं नाव मला कुठे सापडलं नाही.

वर्गात हे सांगितलं तेव्हा सगळे गप्प होते. मग तीच मुलगी म्हणाली, ‘बाई, माझे बाबा पीजेत पेरू विकायचे.’

तिने पुढचंही सांगितलं. पहाटे पेरूची टोपली घेऊन बाबा गाडीत चढायचे आणि दुपारच्या गाडीने परत यायचे. कधी पेरू उरले तर घरी सगळ्यांना मिळायचे. गाडी बंद झाली, मग बाबा सुरतेला कामाला गेले. आता दिवाळीला आणि आखाजीला येतात. ‘गावात स्टेशन आहे, पण गाडी नाही’ या ओळीत तिचे बाबा होते, आणि मी लाल पेन घेऊन फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहत बसले होते!

त्या दिवशी आम्ही वर्गात एक ठरवलं. कोरी वही घ्यायची आणि वर लिहायचं, ‘आमची पीजे’. रविवारी मुलं घरोघर गेली. एका आजोबांनी सांगितलं की गाडी चढाला इतकी हळू व्हायची, की पोरं उतरून बरोबरीने पळायची आणि पुन्हा चढायची. एक आजी याच गाडीने नवरी होऊन आल्या होत्या. पाऊस होता, आणि वऱ्हाड तासभर फलाटावर भिजत उभं होतं. रुळांची देखभाल करणाऱ्या एका निवृत्त काकांनी माळ्यावरून जुना हातकंदील काढून दाखवला. मुलांनी सगळं लिहून घेतलं, प्रत्येकाच्या पूर्ण नावासकट. पहिल्या पानावर कुणाची आठवण आहे ओळखा. पेरू विकणाऱ्या बाबांची! मुलीने त्यांना सुरतेला फोन करून विचारलं, ते बोलत गेले आणि ती लिहीत गेली. फोन ठेवताना ते म्हणाले म्हणे, ‘माझंबी नाव लिवलं का वहीत?’

मोठी लाइन होईल तेव्हा नवं स्टेशन येईल, नवी गाडी येईल. छान होईल. आपल्याला ती हवीच आहे. पण तेव्हा कुणी पाहुणा विचारेल, ‘इथे जुनं स्टेशन होतं ना? त्यात कोण कोण जायचं?’ तर आमच्या गावात त्याला कुणी उलट्या दिशेला पाठवणार नाही. वही काढून दाखवतील.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर? ते तिनेच दिलं. वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलंय, ‘गाडी नसली तरी त्याला स्टेशनच म्हणायचे. कारण आम्हाला ते माहीत आहे.’ यावेळी मी लाल पेन काढलंच नाही.

आता तुमचं काम. तुमच्या गावात किंवा जवळपास अशी एखादी बंद जागा असेलच. जुनी जिनिंग, बंद टॉकीज, बुजलेली विहीर, कुलूप लागलेलं पोस्ट, बैलगाड्यांचा तळ. या सुट्टीत तिथे जा. आत शिरू नका हं, पडक्या भिंती आणि सापकिरडू यांची भीती असते. बाहेरूनच पाहा. मग घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि तीन गोष्टी विचारा. इथे काय चालायचं? ते का थांबलं? आणि इथे काम कोण करायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नावासकट लिहा. एक पान पुरे. ते पान मला पाठवा, मी वाचीन. पण एक प्रत तुमच्या घरी जपून ठेवा, बरं का!

तुमच्या,
बाई